सगळे शॉट भारी, तरी सीन लागत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्याच एका पोरानं वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म केलीय. गोष्टीतले वडील माग भंगारात द्यायला निघालेत, मुलाला पुण्यात नोकरी लागलीय, शेवटची चादर मागावरून उतरते, माग बंद होतो, संपलं. कॅमेरा क्रॉप सेन्सरवाला मिररलेस, लेन्स एकच ५० एमएम १.८, सोबत गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा हिंदकळू न देणारी दांडी, आणि वरून ऑरेंज-टीलचा, म्हणजे नारिंगी-निळसर रंग. बघणारे सगळे म्हणतात, 'काय सिनेमॅटिक केलायस बे', पण शेवटाला कुणाचाच चेहरा बदलत नाही. तर कॅमेऱ्यानं गोष्ट आणि मूड नेमका तयार कसा होतो, आणि आता चांगली लेन्स घ्यावी की ग्रेडिंग, म्हणजे शूटनंतर रंग बदलणं, शिकावं, असं त्यानं विचारलंय.

मित्रा, तुझी फिल्म मी बघितली, आवाज बंद करूनही बघितली. मला जे दिसलं ते आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून बोलता येईल. तुझी गोष्ट मागाची आहे आणि तुझ्या फिल्ममध्ये माग जवळजवळ कुठंच दिसत नाही. वडिलांचा चेहरा दिसतो, हात दिसतात, धागा दिसतो, घामाचा थेंब दिसतो, आणि मागे सगळं मऊ, गोल-गोल, धूसर. ते छान दिसतं हे मान्य. पण ज्या वस्तूसाठी माणूस रडणार आहे ती वस्तू तू पूर्ण फिल्मभर आउट ऑफ फोकस ठेवलीयस, मग ती बंद पडली तर बघणाऱ्याला काय वाटणार? त्याची तिच्याशी ओळखच झालेली नाही.

म्हणजे तुझा खरा प्रश्न लेन्सचा नाही आणि ग्रेडिंगचा तर अजिबात नाही. प्रश्न असा आहे की प्रत्येक शॉट लावताना तू 'हे छान कसं दिसेल' एवढंच विचारलंस, 'बघणाऱ्याला आत्ता काय कळायला पाहिजे आणि काय अजून कळायला नको' हे विचारलं नाहीस. माझ्या मते कॅमेऱ्याचं काम हे दुसरं आहे. उजेड, लेन्स, अंतर, हालचाल, रंग या सगळ्यातून आपण एकच काम करतो, माहिती द्यायची किंवा धरून ठेवायची. मूड त्याच्यातूनच तयार होतो, तो वरून लावता येत नाही.

आता यात बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर असतात हे पण खरं. मी जास्त काम डॉक्युमेंटरी आणि कमी बजेटच्या फिक्शनचं केलंय, त्याआधी मुंबईत मोठ्या युनिटमध्ये कॅमेरा असिस्टंट होते, त्यामुळे माझा कल साधेपणाकडे आहे. थ्रिलर करणारा माणूस तुला वेगळं सांगेल आणि तोही चूक नसेल. नट नवखे असतील तर कॅमेरा मोकळा ठेवावा लागतो, जागा पाच फुटांची असेल तर हवा तो शॉट मिळतच नाही, आणि स्क्रिप्टमध्येच बापलेकांत काही घडत नसेल तर कॅमेरा ते घडवू शकत नाही. तुझ्या स्क्रिप्टमध्ये घडतंय असं मला वाटलं, म्हणून एवढं लिहितेय.

आधी फोकस आणि जागेचं बघू, कारण तुझं निम्मं दुखणं तिथंच आहे. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरवर, ५० एमएम लेन्स लावली की ती फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० एमएमएवढंच दाखवते. म्हणजे ती थोडीच जागा दाखवणारी, पोर्ट्रेटची लेन्स झाली. कारखान्यात दोन मागांच्या मधे जेमतेम माणूस जाईल एवढी वाट असते, तिथं ही लेन्स लावून मागं सरकायला जागाच नाही, त्यामुळे तुला क्लोज आणि मिडशिवाय काही घेताच आलं नाही. त्यात १.८ वर शूट; हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, उजेड जास्त आणि शार्प भाग कमी. दोन मीटरवर उभ्या माणसावर १.८ ला फोकस केलास तर शार्प भाग साधारण ११-१२ सेंटिमीटर मिळतो, वीतभर पण नाही. डोळे फोकसमध्ये आले तर कान गेला, मागचा माग, धोटा, बीम, जकार्डच्या दोऱ्या सगळं गेलंच. तेच जास्त जागा दाखवणारी १८ एमएम लेन्स ५.६ वर ठेवून दोन मीटरला फोकस केलास तर सव्वा मीटरपासून सहा मीटरपर्यंत सगळं चांगलं शार्प येतं. म्हणजे वडील, माग, मागच्या भिंतीवरचा देवाचा फोटो आणि दारात उभा मुलगा एकाच फ्रेममध्ये, सगळे स्पष्ट. उजेड मात्र जवळपास दहापट लागतो, त्यावर खाली येते.

ब्लर वाईट असतो असं मी म्हणत नाहीये. माणूस आजूबाजूच्या जगापासून तुटलाय, त्याला दुसरं काही सुचत नाहीये, तेव्हा मागचं धूसर करणं बरोबर आहे. पण तुझे वडील त्या जागेपासून तुटलेले नाहीत, ते त्या जागेचाच भाग आहेत, आणि गोष्टच ही आहे की आता त्यांना तिथून तोडलं जाणार. मग फिल्मभर त्यांना जागेसोबत दाखव, आणि माग बंद झाल्यावर एकदाच मागचं जग धूसर कर. तेव्हा त्या ब्लरला अर्थ येईल. आत्ता तो पहिल्या मिनिटापासून आहे त्यामुळे कुणाला काही सांगत नाही.

जागा कशी बोलते याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. नागराज मंजुळे जेऊरचे, करमाळा तालुका. त्यांच्या 'फँड्री'मध्ये, २०१३ सालचा, विक्रम अमलाडींचा कॅमेरा, शेवटाकडे जब्या या पोराचं कुटुंब पकडलेलं डुक्कर काठीला बांधून घेऊन चाललंय आणि मागे शाळेची भिंत, तिच्यावर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रं. कुणी काही बोलत नाही. भिंत ब्लर केली असती तर तो शॉट नुसता डुक्कर नेणाऱ्या माणसांचा झाला असता. दोन्ही गोष्टी एकाच फ्रेममध्ये शार्प ठेवल्या म्हणून त्या दोघींमधलं अंतर बघणाऱ्याच्या पोटात जातं, आणि ते त्याचं त्यालाच कळतं, कुणी समजावून सांगायला लागत नाही.

दुसरं, कॅमेरा कुठं उभाय. बऱ्याच जणांना वाटतं वाइड लेन्सनं चेहरा फुगतो, टेलीनं, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सनं, सपाट होतो. खरं म्हणजे ते लेन्समुळे नाही, अंतरामुळे होतं. वाइड लेन्स लावली की चेहरा मोठा दिसायला तुला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेल्यानं नाक पुढे आल्यासारखं वाटतं. टेली लावून लांबून घेतलंस तर पुढची-मागची माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. म्हणून लेन्स निवडायच्या आधी स्वतःला विचार की मी, म्हणजे बघणारा, या माणसाच्या किती जवळ उभा आहे? घरातला आहे, की रस्त्यावरून जाता जाता बघतोय? मी तर लोकेशनवर गेले की आधी कॅमेरा बॅगेतच ठेवते आणि नुसती उभी राहून, बसून बघते, कुठून बघितलं तर बरोबर वाटतंय. ती जागा सापडली की लेन्स आपोआप ठरते.

उंचीचं पण तसंच. तुझे बरेचसे शॉट उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून आहेत कारण गिंबल तिथं धरायला सोपा पडतो. पण वडील बऱ्याच सीनमध्ये बसून कांड्या भरतायत, म्हणजे आपण त्यांच्याकडे सतत वरून बघतोय. मालक नोकराकडे बघतो तसं. तुला हे म्हणायचं नव्हतं, पण फ्रेम ते म्हणतेय. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आण, बस तेवढ्यानं निम्मा सीन बदलेल बघ.

आता हालचाल. बारा मिनिटांत तुझा कॅमेरा एकदाही थांबत नाही. गिंबल आहे म्हणून वडील चहा पितायत तरी कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतोय. मी सांगते काय होतं, पहिल्या दीड-दोन मिनिटांत बघणाऱ्याचे डोळे त्या हालचालीला सरावतात, नंतर ती त्याच्यासाठी नसल्यासारखीच होते, आणि मग जेव्हा खरंच काहीतरी हलायला पाहिजे तेव्हा तुझ्याकडे वापरायला काही उरत नाही. 'कोर्ट' बघ, चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४ चा, मृणाल देसाईंचा कॅमेरा. लांब लांब शॉट, कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही, माणसं फ्रेममध्ये येतात, जातात, आपण नुसते बसून बघतोय. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, लोक निघून जातात, दिवे बंद होतात आणि अंधार तसाच पडद्यावर राहतो. कॅमेऱ्यानं काहीही केलेलं नाही आणि तरी छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, कारण त्या व्यवस्थेला कुणाची घाई नाही हे तोपर्यंत त्या स्थिर फ्रेमनंच आपल्या अंगात मुरवलेलं असतं.

उलटं उदाहरण 'सैराट', २०१६, सुधाकर रेड्डी यक्कंटींचा कॅमेरा. पहिल्या भागात स्लो मोशन आहे, गाणी आहेत, करमाळ्याकडचं मोकळं रान आहे, विहीर आहे, सगळं कसं ऐसपैस, तिथं ते स्लो मोशन बरोबरच आहे कारण प्रेमात पडलेल्या पोराला जग तसंच दिसतं. मग पळून हैदराबादला गेल्यावर झोपडपट्टीतली छोटी खोली, गाणी मागे पडतात, जागा अंगावर येते. आणि शेवटी ते लहान लेकरू, रक्तानं माखलेली पावलं, आवाज पूर्ण गेलेला. बऱ्याच लोकांना वाटतं शेवट तेवढा जबरदस्त आहे. माझं म्हणणं, तो शेवट पहिल्या तासाभरानं जबरदस्त केलाय. सुरुवातीला एवढं सुंदर, एवढं मोकळं, एवढं गाणं-बजावणं दिलंच नसतं तर शेवटी ते काढून घेतल्याचं कळलं नसतं.

हेच मला तुला सगळ्यात जास्त सांगायचंय. मूड एका शॉटमध्ये नसतो. तो आधीच्या शॉटपासून या शॉटमध्ये जे बदललं त्याच्यात असतो. अंधार म्हणजे दुःख असं काही नाही, उजेडानंतरचा अंधार दुःख असू शकतो. क्लोजअप म्हणजे भावना नाही, बराच वेळ लांब ठेवून मग जवळ नेलंस तर भावना. तुझ्या फिल्ममध्ये पहिला शॉट क्लोज, स्लो, नारिंगी आणि शेवटचा शॉट पण क्लोज, स्लो, नारिंगी. मधे काहीच बदललं नाही तर बघणाऱ्याचा चेहरा का बदलेल?

उजेडाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडे लोक दिवे भाड्यानं आणायच्या मागे लागतात आणि सोलापूरचं ऊन फुकट आहे ते बघत नाहीत. आपलं गाव साधारण साडेसतरा-पावणेअठरा अक्षांशावर, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. अशा उन्हात माणूस उभा केलास तर भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. म्हणून सगळे सांगतात, दुपारी शूट करू नका, सकाळी नाहीतर संध्याकाळी करा. मी म्हणते, गोष्ट काय आहे त्यावर आहे. गॉर्डन विलिसनी 'द गॉडफादर'मध्ये, १९७२ साली, मार्लन ब्रँडोवर मुद्दाम वरून उजेड टाकला आणि डोळे सावलीत जाऊ दिले, कारण या माणसाच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कळायला नको होतं. डोळे दिसले नाहीत की आपण त्या माणसाला वाचू शकत नाही आणि भीती वाटते. तुझ्या फिल्ममध्ये भंगारवाला येतो, माग हातानं ठोकून भाव सांगतो. तो सीन बाहेर अंगणात दुपारी बाराला घे, त्याचे डोळे दिसू देऊ नकोस, वडील मात्र पत्र्याच्या सावलीत, मऊ उजेडात, डोळे स्पष्ट. एक रुपया न घालवता सीन लागला.

आतल्या उजेडाचं मी सगळ्यात जास्त शिकले ते कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत शूट करताना. विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन दाराशी बसतात, कारण तिथं उजेड असतो. आणि नुसत्या दाराशी नाही, उजेड ज्या बाजूनं हातावर नीट पडेल अशा कोनात बसतात. त्या मावशींना कुणी लाइटिंग शिकवलं नव्हतं, पण हाताला दिसलं पाहिजे ना. तेव्हापासून मी कुठल्याही कामाच्या जागी गेले की आधी विचारते, तुम्ही रोज कुठं बसता? उजेड जिथं असतो तिथंच माणूस कामाला बसलेला असतो. मग त्याला तिथून उठवून दुसरीकडे बसवायचं आणि चार दिवे लावून तोच उजेड परत बनवायचा, याला काय अर्थ आहे. तू वडिलांना कोपऱ्यात नेलंस कारण तिथं बॅकग्राउंड छान होतं. ते रोज कुठं बसतात ते आधी बघ.

तो दाराचा उजेड कमी पडला तर वाढवायचा कसा? थर्माकोलचा मोठा तुकडा किंवा पांढरी चादर घे, चादरीला आपल्या गावात काय तोटा, आणि उन्हाचा उजेड तिच्यावरून उसळून आत येऊ दे. ही काही गरिबाची आयडिया नाही. सुब्रत मित्रांनी सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी, १९५६ साली, बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं तेव्हा वर पांढरं कापड ताणून दिव्यांचा उजेड त्याच्यावरून खाली उसळवला, म्हणजे खऱ्या अंगणात आकाशातून पडतो तसा सावली नसलेला मऊ उजेड मिळाला. आणि नेमकं उलटं, कडक किरणाचं काम व्ही. के. मूर्तींनी १९५९ च्या 'कागज के फूल'मध्ये केलं, स्टुडिओच्या अंधारात वरून येणारा तो उजेडाचा झोत, तो त्यांनी मोठ्या आरशांवरून खरं ऊन आत फिरवून मिळवला. एकाला मऊ पाहिजे होता, एकाला धारदार. दोघांनी उसळलेलाच उजेड वापरला, कापडावरून उसळला की मऊ, आरशावरून उसळला की कडक.

तुझ्या कारखान्यात आरशाची आयडिया फार चालेल. हवेत सुताचे बारीक कण तरंगत असतात ना, ते समोरून उजेड टाकला तर दिसत नाहीत, मागून टाकला आणि त्यांच्या मागची भिंत काळी ठेवली तर उठून दिसतात. घरातला कपाटाचा आरसा बाहेर उन्हात धर, झरोक्यातून ऊन आत टाक, मागे काळी चादर लाव. माग चालू असताना हवा त्या कणांनी भरलेली, आणि माग बंद झाल्यावर ते हळूहळू खाली बसतात. हे तुझ्या गोष्टीत आधीपासूनच आहे, तुला फक्त ते दिसेल असा उजेड ठेवायचाय.

ट्यूबलाइटचं एक तांत्रिक सांगून टाकते नाहीतर परत फसशील. तुझ्या स्लो मोशनमध्ये मागची भिंत लुकलुकतेय, बघितलंस का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेव. स्लो मोशन घ्यायचंच असेल तर सेकंदाला १२० ऐवजी १०० फ्रेमवर, १/१०० शटरनं घे. स्वस्तातल्या एलईडीलाही हा त्रास होतो, आधी टेस्ट करून बघ.

रंगाबद्दल फार नाही लिहीत. कारखान्यातली ट्यूब साधारण ६५०० केल्विनची (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका उजेड निळसर), म्हणजे निळसर पांढरी. संध्याकाळचं ऊन पिवळं. घरातला जुना बल्ब असेल तर तो अजून पिवळा, २७०० च्या आसपास. हे तीन रंग तुझ्या लोकेशनवर आधीच आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे, कामाची जागा निळसर, घर पिवळं, बाहेर जाणारा रस्ता उन्हाचा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कुठला उजेड पांढरा धरतो ते, ऑटोवर ठेवलास तर कॅमेरा हा फरक पुसायला बघतो. तो एका आकड्यावर, समज ५००० वर, लॉक कर म्हणजे फरक राहील. तू वरून नारिंगी-निळं चढवलंस तेव्हा हे तिन्ही एकसारखे झाले, आणि ती चादर, जिच्यात लाल, हिरवा, पिवळा असा खरा सोलापुरी रंग होता, ती पण तपकिरी झाली. ते काढून टाक, एवढंच.

इथपर्यंतचं थोडक्यात, जागा शार्प ठेव, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या उंचीला आण, हालचाल राखून ठेव, आहे तो उजेड वाकव, आणि प्रत्येक बदल गोष्टीच्या वळणासाठी जपून ठेव.

आता तुझा शेवटचा सीन मी कसा लावला असता ते सांगते. हा एकच मार्ग आहे असं नाही, पण विचार कसा करायचा ते कळेल. पहिला प्रश्न, हा सीन कुणाचा आहे? वडिलांचा की मुलाचा? तू दोघांचे आळीपाळीनं क्लोज घेतलेस, म्हणजे तू ठरवलंच नाहीस. मला तो मुलाचा वाटतो. वडील आयुष्यभर त्या मागाशी राहिलेत, ते मुलासमोर रडणार नाहीत, काही दाखवणारही नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊन तू नटाला न दाखवायची गोष्ट दाखवायला लावतोयस, आणि म्हणून तो क्षण खोटा वाटतो. मुलगा मात्र बघतोय, आणि त्याला पहिल्यांदा कळतंय की आपण जातोय म्हणजे नेमकं काय होतंय.

मुलाचा सीन म्हटल्यावर कॅमेरा दाराशी, मुलाच्या खांद्यामागे. १८ एमएम, ५.६, ट्रायपॉडवर. पुढे मुलाच्या खांद्याची काळी कड, मधे माग, पलीकडे वडील, पाठमोरे किंवा अर्धे वळलेले. सगळं शार्प. माग चालू, आवाज कान फाडणारा. शेवटचा काठ विणून होतो, वडील चादर उतरवतात, घडी घालतात, आणि हात लांब करून माग बंद करतात. इथं कट करू नकोस. तुझ्या फिल्ममध्ये नेमका इथं तू कट करून हाताचा क्लोज दाखवलायस, त्यामुळे आवाज थांबल्याचा धक्का कटमध्ये विरून गेला. फ्रेम तशीच ठेव, आवाज जाऊ दे. मग वडील सवयीनं ट्यूब पण बंद करतात. आता आतला निळसर उजेड गेला, वडिलांची नुसती आकृती उरली, आणि पलीकडच्या झरोक्यातून आरशानं आत टाकलेलं ऊन फक्त मागावर. ते कण खाली बसतायत. वडील काही करत नाहीत, तिथंच उभे. किती वेळ धरायचा? एडिटवर बघ, पण तुला अस्वस्थ वाटायला लागेल त्यानंतरही थोडा वेळ धर.

त्याच्यानंतर पूर्ण फिल्ममधला पहिला खराखुरा क्लोजअप. मुलाचा, समोरून, तुझी ५० एमएम, १.८ वर, मागचं सगळं धूसर. हीच ती जागा, जिथं तुझी आवडती लेन्स लाव. कारण आता तो त्या जागेपासून तुटलाय. चेहऱ्यावर काही करायला सांगू नकोस नटाला, फक्त वडिलांकडे बघायला सांग. आधीची अकरा मिनिटं तू जवळ गेलेला नसशील तर एवढं पुरेल.

हे जमायला बाकी फिल्ममध्ये दोन-तीन गोष्टी आधी पेराव्या लागतील. माग चालू असताना दारातून घेतलेली तीच फ्रेम फिल्ममध्ये एक-दोनदा आधी येऊ दे, अगदी साध्या कामाच्या दिवशी, मुलगा डबा द्यायला आलाय, वडील मान न वळवता हातानं 'ठेव तिथं' म्हणतात. म्हणजे शेवटी तीच फ्रेम आली की बघणारा नकळत तुलना करतो. आणि घरातले सीन, आई, जेवण, कडक भाकरी, ते जरा मोकळ्या हातानं, थोड्या हलत्या कॅमेऱ्यानं घे, चालेल. तिथं जिवंतपणा पाहिजे. कारखान्यात मात्र कॅमेरा गप्प.

एक शंका तुला येईल की एवढं स्थिर, एवढं वाइड केलं तर फिल्म कंटाळवाणी होईल, रील्सच्या जमान्यात कोण बघणार. खरं आहे, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर वाइड शॉटमधलं बारीक काही दिसत नाही. फिल्म कुठं दाखवणार आहेस ते आधी ठरव. फेस्टिव्हलला पाठवणार असशील, मोठ्या पडद्यावर, तर मी सांगितलं तसं कर. फोनवरच जास्त लोक बघणार असतील तर तीच फ्रेम थोडी जवळून घे, वडील आणि माग दोन्ही ओळखू येतील एवढी, पण स्थिरच ठेव. कंटाळा शॉटच्या लांबीनं येत नाही, शॉटमध्ये बघण्यासारखं काही नसलं की येतो. चालू मागावर बघण्यासारखं किती आहे ते तुला मी सांगायला नको, तू तिथं वाढलायस.

आणि लेन्सचं उत्तर. घेऊ नकोस. कॅमेऱ्यासोबत १८-५५ ची किट लेन्स आलेली असणार, लोक ती पहिल्याच आठवड्यात कपाटात टाकतात कारण तिनं ब्लर होत नाही. तीच काढ, पूस, १८ ला लाव, ५.६ वर ठेव. पैसे खर्च करायचेच असतील तर मागाचा आवाज नीट रेकॉर्ड करायला एक बरा रेकॉर्डर भाड्यानं घे, कारण आवाज नीट नसेल तर तो थांबल्याचं कुणाला कळणार नाही. काळं कापड, थर्माकोलचे दोन मोठे तुकडे आणि एक आरसा, एवढं सामान बास. कारखान्याचं दार पूर्वेला असेल तर आतला सीन सकाळी नऊच्या आत, पश्चिमेला असेल तर चारनंतर. दार कुठल्या दिशेला आहे आणि समोर भिंत किती लांब आहे ते कळव, मग थर्माकोल कुठं उभा करायचा ते सांगते.